मरुदेशांतून आलेले दोन समाज
(यवतमाळ जिल्ह्यांतील बंजारे व मारवाडी यांच्या सुस्थितीची तुलना)

(१)

यवतमाळ जिल्ह्यांत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या समाजांत एक जोडी विशेष विचारार्ह आहे. एक बंजारा समाज, ज्यास या भागांत लमाण किंवा लभाण असेंहि म्हणतात. व दुसरा मारवाडी, म्हणजे मुख्यतः माहेश्वरी, ओसवाल व अगरवाल हे व्यापारी. दोघेहि आपलें मूळ राजपुतान्यांत सांगतात. दोघांचाहि पूर्वापार संबंध व्यापाराशीं आहे. दोघांच्या घरच्या बोली एकाच भाषाकुलांतील असून, २०११ च्या जनगणनेंत लमाणी व मारवाडी या दोन्ही मातृभाषा हिंदीच्याच सदराखालीं मोजल्या गेल्या आहेत. असें असतां शंभर-दीडशें वर्षांच्या अवधींत एकाच्या वाट्यास पेढी आली व दुसऱ्याच्या वाट्यास मोळी. हें अंतर कसें पडलें, तें किती खरें व किती भासमान, आणि तें मोजण्याचीं साधनें आमच्याजवळ कोणतीं, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच सांगावयास हवें कीं, ही तुलना कोणाच्या स्तुतीसाठीं किंवा निंदेसाठीं नाहीं. अमुक जात उद्योगी म्हणून वर गेली व अमुक जात उधळी म्हणून खालीं राहिली, हा निकाल लोकांच्या तोंडीं फार स्वस्त झाला आहे. आमच्या मतें तो पुराव्यापुढें टिकत नाहीं.

आणखी एक खुलासा अवश्य आहे. जुन्या मराठी व इंग्रजी कागदांत 'वंजारी' हा शब्द दोन अर्थीं येतो. मराठी बोलणारा शेतकरी वंजारी समाज व गोरबोली बोलणारा, तांड्यांत राहणारा बंजारा समाज हे आज भिन्न मानले जातात. शासनाच्या याद्यांतहि ते वेगळ्या वर्गांत आहेत. येथें विचार आहे तो दुसऱ्याचा. जुना कागद वाचतांना हा विवेक न केल्यास एकाचा इतिहास दुसऱ्याच्या माथीं बसतो.

(२)

प्रथम नांवें पाहूं. 'बंजारा' हा शब्द संस्कृत 'वाणिज्य' याशीं जोडणारी व्युत्पत्ति बहुतेकांस मान्य आहे. 'लभाण', 'लमाण' हीं रूपें 'लवण' शब्दावरून आलीं असें म्हणतात. मिठाची वाहतूक हा या लोकांचा एक मुख्य धंदा असल्यामुळें ती व्युत्पत्ति अर्थदृष्ट्या शोभते. सर हेन्री इलियट यांनीं दंडीच्या 'दशकुमारचरितां'त या जातीचा उल्लेख असल्याचें लिहिलें होतें. पुढें कावेल यांनीं मूळ ग्रंथांत तें नांव नाहीं असें दाखविलें. तरी पहिलें विधान अद्यापि अनेक लेखांतून फिरत असतें. नांव सांपडलें नाहीं तरी वस्तु मात्र प्राचीन आहे. संस्कृत वाङ्मयांत 'सार्थ' व त्याचा पुढारी 'सार्थवाह' यांचें जें वर्णन येतें, तें तांडा व त्याचा नाईक यांस बऱ्याच अंशीं लागू पडतें. 'मारवाड' शब्दांतील 'मरु' तर उघडच आहे.

दुसराहि एक प्राचीन धागा येथें उपयोगी पडेल. याज्ञवल्क्य स्मृतींत व्याजाचे दर सांगतांना अरण्यांतून प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यास दरमहा शेंकडा दहा व समुद्रावर जाणाऱ्यास शेंकडा वीस असा दर सांगितला आहे. कौटिल्यानेंहि अशीच उतरंड दिली आहे. याचा अर्थ असा कीं, ज्याचें ठिकाण निश्चित नाहीं, ज्याचा माल रानांत आहे, त्यास कर्ज महाग, हें तत्त्व आमच्याकडे फार जुनें आहे. सावकार एका जागीं बसतो व बंजारा अरण्यांतून जातो, या एका गोष्टींत पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे.

(३)

पुसद तालुका १९०५ सालीं यवतमाळ जिल्ह्यास जोडला गेला. त्यापूर्वीं तो बाशीम जिल्ह्यांत होता. म्हणून बाशीमचे पोलीस अधिकारी कंबरलेज यांनीं लिहिलेली व १८८२ सालीं प्रसिद्ध झालेली बंजाऱ्यांची हकीकत आमच्या जिल्ह्यास प्रत्यक्ष लागू आहे. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या ग्रंथांत तिचा पुष्कळ उपयोग केला आहे. त्या हकीकतीप्रमाणें चारण शाखेचे बंजारे सुमारें १६३० सालीं शहाजहान बादशहाच्या दक्षिणेंतील मोहिमेंत आसफखानाच्या फौजेबरोबर इकडे आले. भंगी व जंगी या नाईकांजवळ १,८०,००० व भगवानदास वडतिया याजवळ ५२,००० बैल होते, असें परंपरा सांगते.

याच परंपरेंत एका ताम्रपटाची कथा आहे. आसफखानानें भंगी-जंगी यांस सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, व त्यांत कूच चालू असतां लोकांच्या घरचें पाणी व छपराचें गवत घेण्याची मोकळीक आणि दिवसास तीन खून माफ असा मजकूर होता, असें म्हणतात. आमच्या वाचकांस या ठिकाणीं थांबावेंसें वाटेल. बैलांच्या संख्या परंपरेच्या आहेत. त्या शब्दशः धरूं नयेत. ताम्रपटाचा म्हणून जो मजकूर सांगितला जातो तो लोकांच्या हिंदुस्थानी बोलींत, यमकांच्या वळणाचा आहे. मोगल दरबाराचें दफ्तर तर फारसींत चाले. तेव्हां मूळ पट किंवा त्याचा विश्वसनीय ठसा पुढें ठेवल्यावांचून ती सनद अस्सल मानतां येत नाहीं. परंतु सनद म्हणून जी गोष्ट टिकत नाहीं ती साक्ष म्हणून टिकते. फौजेस आपली गरज होती व त्या गरजेपोटीं राजसत्ता आपणांस झुकून वागत होती, ही आठवण एका समाजानें अडीचशें वर्षें जपली, एवढें त्या कथेवरून निश्चित होतें.

आणि ती आठवण निराधार नव्हे. १८०३ सालीं वऱ्हाडांत अडगांवची लढाई झाली व गाविलगड पडला. त्या मोहिमेच्या काळांतील वेलस्लीच्या पत्रव्यवहारांत बंजाऱ्यांच्या धान्यपुरवठ्याचे उल्लेख वारंवार येतात. तांडा दोन्ही पक्षांच्या मुलुखांतून जाई. कारण धान्य सर्वांसच हवें असे. शांततेच्या काळांत तांडे वऱ्हाडचा कापूस व धान्य बाहेर नेत व परत येतांना मीठ आणीत. वऱ्हाडच्या कापसास रेल्वेपूर्वीं गंगेवरील मिर्झापुरापर्यंत पाठीवरच्या बैलांची वाट होती. त्या काळीं बंजारा हा दरिद्री नव्हता. त्याचें भांडवल चार पायांवर चालत होतें. त्याचा न्याय नाईक व कारभारी यांच्या पंचायतींत होई. त्याचें संरक्षण त्याच्याच हातीं होतें. सुस्थितीचा जो कोणताहि अर्थ आपण घेऊं, त्या अर्थानें १८०० च्या सुमारास मोठ्या तांड्याचा नाईक हा खेड्यांतल्या वाण्याहून कमी नव्हता, असें आम्हांस वाटतें.

(४)

मारवाड्यांचें येणें कोणत्याहि एका मोहिमेशीं बांधलेलें नाहीं. तांडा आला तो बायकामुलें, गुरें व पंचायत यांसह, समूहानें आला. मारवाडी आला तो एकेकटा. नात्यांतल्या किंवा गांवच्या पेढीवर गुमास्ता म्हणून राहावें, वही शिकावी, मग बाजाराच्या गांवीं स्वतःचें दुकान मांडावें, व शेवटीं कुटुंब आणावें, हा त्यांचा सामान्य क्रम होता. निजामी अमदानींत वऱ्हाडचा वसूल मक्त्यानें घेणाऱ्यांत हैदराबादचा पूरणमल सावकार प्रसिद्ध होता. परंतु अशा बड्या नांवांवरून सर्वांची कल्पना करणें चूक होय. बहुसंख्य मारवाडी लहान दुकानदार व मुनीमच होते.

त्यांचें भांडवल तीन वस्तूंत होतें: रोकड व खतावणीची वही, दर्शनी व मुदती हुंडी, आणि जातबांधवांची पत. या तिन्हींचा गुण असा कीं, त्यांस चारा लागत नाहीं, त्या पटकींत मरत नाहींत, व अंतर कितीहि असलें तरी त्या चालतात. बैलाचें भांडवल दुष्काळांत पहिल्यानें नष्ट होतें; वहीचें भांडवल दुष्काळांत वाढतें. हें वाक्य कठोर आहे, पण सवाई-दिढीनें दिलेल्या धान्याचीं खतें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस तें अतिशयोक्त वाटणार नाहीं.

(५)

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. १८६४ सालीं यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी हे तालुके मिळून दक्षिण-पूर्व वऱ्हाडचा निराळा जिल्हा झाला. तोच पुढें वणी जिल्हा. याच दशकांत तीन गोष्टी एकदम घडल्या, व त्यांनीं दोन्ही समाजांचें भवितव्य ठरविलें.

पहिली, अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढले. दुसरी, १८६७ सालीं रेल्वे नागपुरास पोंचली, व बडनेरा, धामणगांव, पुलगांव हीं स्थानकें जिल्ह्याच्या उत्तरेस उभीं राहिलीं. यवतमाळचा कापूस सडकेनें धामणगांवास जाऊं लागला. तिसरी, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी व जमाबंदी होऊन जमिनीचा तुकडा खातेदाराच्या नांवें लागला, व तो विकण्याजोगा आणि गहाण ठेवण्याजोगा झाला.

या तिन्ही गोष्टी मारवाड्यांस अनुकूल व बंजाऱ्यांस प्रतिकूल होत्या. रेल्वेनें मीठ व धान्य नेण्याचा लांब पल्ल्याचा धंदा तांड्यांच्या हातून काढून घेतला. गाडीरस्त्यांनीं उरलेला जवळचा पल्ला गाडीवानांस दिला. उलट त्याच रेल्वेनें आणि तारेनें मुंबईच्या बाजाराचा भाव मारवाडी अडत्याच्या ओट्यावर आणून ठेवला. कापूस पिकविणाऱ्यास पेरणीपूर्वीं पैसा हवा. तो देणारा सावकार. आणि आतां तारण म्हणून जमीन होती. पुढें यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस येथें सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने निघाले, तेव्हां पेढीचें भांडवल यंत्रांत शिरण्यास वाट मिळाली.

तांड्यांनीं काय केलें? बैल विकून किंवा गुरें पाळून ते जंगलाच्या कडेस स्थिरावले. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागांव, उमरखेड या भागांत आजहि तांड्यांची दाट वस्ती दिसते ती मुख्यतः डोंगरपायथ्याशीं व माळांवर. नदीकांठच्या काळ्या जमिनींत गांवें पूर्वींच वसलीं होतीं. मागाहून बसणाऱ्यास जी हलकी जमीन उरली ती मिळाली. त्याच सुमारास जंगलें राखीव होऊं लागलीं, म्हणजे चराई व लांकूड यांवरहि बंधन आलें. येणारे दोघेहि उपरे; पण एक बाजारपेठेच्या मध्यावर बसला व दुसरा शिवेबाहेर. आमच्या मतें दोन समाजांच्या आर्थिक अंतराचें मूळ स्वभावांत नसून या दोन जागांत आहे.

(६)

कायद्यानेंहि दोघांस सारखें वागविलें नाहीं. १८७१ च्या गुन्हेगार जातींच्या कायद्याची छाया देशाच्या निरनिराळ्या भागांत बंजाऱ्यांवर पडली. फिरणें हाच ज्यांचा धंदा, त्यांचें फिरणेंच संशयास्पद ठरलें. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तेव्हांपासून 'विमुक्त' ही संज्ञा रूढ झाली. मारवाड्यांवर सरकारचा रोष नव्हता, कुणब्यांचा होता. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत मारवाडी व गुजर सावकारांविरुद्ध दंगे झाले, व खतें आणि वह्या जाळण्यांत आल्या. आमच्या प्रांतांत ऋणकोंच्या संरक्षणाचे कायदे फार मागाहून, म्हणजे १९३३ चा कर्ज-समेटाचा, १९३४ चा सावकारीचा व १९३९ चा कर्जनिवारणाचा, असे झाले. तोंवर पुष्कळ जमीन हस्तांतरित होऊन गेली होती.

तथापि सुस्थिति म्हणजे केवळ धन नव्हे, हें विसरतां कामा नये. मारवाडी कुटुंबांत धन होतें, पण घरच्या स्त्रिया दीर्घकाळ घुंघटाआड होत्या, व गांवांत धर्मशाळा बांधूनहि कुटुंब परकेंच राही. सोयरीक व कुलदैवत मारवाडांत, दुकान वऱ्हाडांत. बंजारा स्त्री पुरुषाच्या बरोबरीनें रानांत राबे, बाजारास जाई, आणि तिचा फेटिया व काचळी हा पोशाख हीच तिची ओळख होती. तांड्यांत गरिबी होती, पण कोणी एकटें नव्हतें. उलट, शाळा, औषधपाणी व कचेरी या तिहींपासून तांडा दूर होता, आणि आधुनिक काळीं सुस्थितीचे दरवाजे तेच तीन आहेत. म्हणून सामाजिक समाधानाच्या कांट्यावर तांड्याचें पारडें जेथें जड, तेथेंहि संधीच्या कांट्यावर तें हलकेंच राहिलें.

(७)

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या कथेस अनपेक्षित वळण लागलें. पुसद तालुक्यांतील गहुली येथें १ जुलै १९१३ रोजीं जन्मलेले वसंतराव नाईक हे १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हे १९९१ ते १९९३ या काळांत त्याच पदावर होते. इकडे यवतमाळच्या ओसवाल समाजांतील जवाहरलाल दर्डा यांनीं १९७१ सालीं नागपुरांतून 'लोकमत' दैनिक काढलें व तेहि पुढें राज्याचे मंत्री झाले. एकाच जिल्ह्यांतील दोन उपऱ्या समाजांनीं राज्याचें मुख्यमंत्रिपद व एक बलाढ्य दैनिक हीं मिळवावीं, ही गोष्ट लहान नव्हे.

वसंतरावांच्याच कारकीर्दींत, १९७२ पासून, कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शंभर वर्षें खाजगी अडत्यांच्या हातीं असलेला व्यापार सरकारनें आपणांकडे घेतला. १८६७ सालीं ज्या रेल्वेनें तांड्याचा धंदा बुडविला, तिच्याच जोरावर वाढलेल्या व्यापारावर तांड्यांतून आलेल्या मुख्यमंत्र्याच्या सरकारनें बंधन घातलें, असा हा योग आहे. तो सूड होता असें म्हणण्यास मुळींच आधार नाहीं. शेतकऱ्यास भाव मिळावा हा हेतु होता. पुढें २००२ नंतर ती एकाधिकारता उरली नाहीं. व्यापारी समाजाचें त्या तीस वर्षांत फारसें अडलें नाहीं. त्याचें भांडवल किराणा, कापड, शिक्षण व इतर धंदे यांत वळलें. वहीचें भांडवल चालतें राहतें, हें जें आम्हीं वर म्हटलें, त्याचा हा दुसरा प्रत्यय.

तांड्यांची गोष्ट निराळी. दोन मुख्यमंत्री झाले म्हणून कोरडवाहू जमिनीस पाणी आलें नाहीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. सुगी संपली कीं तांड्यांतील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस किंवा शहरांतील बांधकामांवर जातात. आम्ही शिक्षक असतां हजेरीपटावर हा इतिहास दरवर्षीं वाचीत होतों: दिवाळीनंतर एकाच आडनांवांच्या ओळींत गैरहजेरीचीं चिन्हें लागत, व उन्हाळ्याच्या तोंडीं त्यांतलीं कांहीं नांवें कायमचीं कमी होत. दुकानदारांच्या मुलांच्या ओळींत असें कधीं झालें नाहीं. बैल गेले, पण फिरणें राहिलें. पूर्वीं माल घेऊन फिरत, आतां केवळ हात घेऊन.

येथें पैनगंगेची साक्षहि काढावयास हवी. नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रांत, बंजारा विमुक्त जातींत गणला जातो. पलीकडे आदिलाबादेंत, तेलंगणांत, तोच समाज १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमातींत आहे. कर्नाटकांत तो अनुसूचित जातींत आहे. आडनांवें तींच, बोली तीच, सेवालाल महाराजांची भक्ति तीच, व पोहरादेवीची यात्राहि तीच; पण नदी ओलांडली कीं सवलत बदलते. ज्या भेदाचें कारण समाजांत नसून नकाशांत आहे, त्याचा निवाडा करतांना इतिहासाचे पुरावे विचारले जाणारच.

(८)

आणि येथेंच आम्ही मूळ अडचणीशीं येऊन पोंचतों. ज्या समाजास लेखन होतें, त्याची सुस्थिति त्याच्याच वह्यांतून समजते. ज्यास नव्हतें, त्याची स्थिति दुसऱ्याच्या कागदांत शोधावी लागते: सावकाराच्या खतावणींत ऋणको म्हणून, पोलिसांच्या नोंदींत संशयित म्हणून, जंगलखात्याच्या कागदांत दंड भरणारा म्हणून. धनको, शिपाई व राखणदार या तिघांच्याच साक्षीवरून एका समाजाचें चरित्र लिहिणें न्याय्य नव्हे. तरीहि आजवर बहुतेक तसेंच झालें आहे. संख्याशास्त्रहि मदतीस येत नाहीं. १९३१ नंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाति-जमाति सोडून इतर जातींचे आंकडे प्रसिद्ध नाहींत. पुढील जनगणनेंत जातींची नोंद घेण्याचें केंद्र सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें आहे. तीं माणसें किती हें त्यावरून कळेल. तीं अशा स्थितींत कां आलीं, हें कळणार नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति दोन प्रकारची आहे. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दिग्रस, पुसद येथील जुन्या पेढ्यांच्या वह्या वाडे पाडले जातांना रद्दींत जात आहेत. त्या महाजनी अक्षरांत, म्हणजे काना-मात्रा गाळून लिहिलेल्या असल्यानें घरच्या तरुणांसहि वाचतां येत नाहींत, व जें वाचतां येत नाहीं तें निरुपयोगी वाटतें. अशी वही मिळाल्यास कृपा करून तिचें कातड्याचें वेष्टन पाहून थांबूं नये. खातेदारांचीं नांवें, तांड्याचें नांव, तारण काय, फेड कशांत झाली, हें टिपावें. एका दुष्काळी वर्षाची एक खतावणी दहा ताम्रपटांच्या दंतकथांहून अधिक सांगेल. ज्या कुटुंबांच्या त्या वह्या आहेत त्यांसहि भय बाळगण्याचें कारण नाहीं. शंभर वर्षांपूर्वींचें खत आज कोणावर दावा करीत नाहीं. तें फक्त साक्ष देतें, व ती साक्ष पुष्कळदां दिलेल्या सुटीची व सोडलेल्या व्याजाचीहि असते.

दुसरी विनंति तांड्यांविषयीं. तेथें पोथी नाहीं म्हणून साधन नाहीं असें समजूं नये. वंशावळी सांगणारे भाट व ढाडी, लग्नांतील व होळीचीं गीतें, नाईकाच्या नांवावरून पडलेलीं तांड्यांचीं नांवें, आणि कोणता तांडा कोठून उठून कोठें बसला याची वृद्धांस असलेली आठवण, हीं सर्व साधनेंच होत. फरक इतकाच कीं, वही कपाटांत आणखी वीस वर्षें वाट पाहूं शकेल. वृद्ध माणूस पाहूं शकणार नाहीं. तेव्हां ज्यांस दोन्हींतून एकच काम निवडावयाचें असेल त्यांनीं आधीं तांड्यांत जावें, व वही मागाहून बांधावी.